वावर कोणाचे?

वडिलोपार्जित वावर ज्याच्या नावावर त्याचेच, असे सातबारा सांगतो. व्यवहाराला तेवढे पुरते, पण धर्माचा प्रश्न तिथे संपत नाही. आजोबांनी राखलेली आणि नातवाला लागणारी जमीन मधल्या पिढीने आपली म्हणायची ती कोणत्या अर्थाने? माझे उत्तर असे की, विश्वस्त म्हणून. मालक म्हणून नव्हे. याला आपल्या धर्मशास्त्रातच आधार आहे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी विज्ञानेश्वराने लिहिलेल्या ‘मिताक्षरे’नुसार वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासून असतो, बापाच्या मरणाची वाट तो पाहत नाही. जे जन्मले, जे गर्भात आहेत आणि जे अजून जन्मायचे आहेत, त्या सर्वांना निर्वाहाचे साधन लागणार, म्हणून स्थावराची विक्री मोकाट होऊ नये, असे वचनही विज्ञानेश्वर आधाराला घेतो. जो अजून जन्मलाच नाही, त्याचीही संमती जणू इथे गृहीत धरावी लागते.

वऱ्हाडात या विचारावर पहिला मोठा ताण एकोणिसाव्या शतकात आला. 1853 साली निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला आणि पुढच्या दशकात मोजणी होऊन रयतवारी लागू झाली. खातेदाराला जमीन विकण्याचा, गहाण ठेवण्याचा हक्क मिळाला. शेतसारा रोख भरायचा होता आणि कापसाचा भाव अमेरिकेतल्या यादवी युद्धात चढून युद्ध सरताच उतरला. अशा वेळी जमीन सावकाराचे तारण बनली. गाडगेबाबांचे बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामांकडे गेले. मामांची शेती सावकाराच्या घशात गेल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. कर्ज काढून सण करू नका, हे कीर्तनातले त्यांचे कळकळीचे सांगणे म्हणूनच केवळ काटकसरीचा उपदेश ठरत नाही. कर्जाने एका पिढीची हौस भागते आणि दुसरीची जमीन जाते.

यावर कोणी म्हणेल, त्याच बाबांनी 1905 साली घर सोडले, मग मातीत जीव गुंतवणे हा मोहच नव्हे काय? पण त्यांनी सोडली ती मालकी, जबाबदारी नव्हे. धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्यांतले काही स्वतःसाठी ठेवले नाही. विश्वस्तपण ते हेच. दुसरा आक्षेप याहून जड आहे. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याला पूर्वजांचे ऋण सांगणे म्हणजे त्याच्या गळ्याभोवतीचा फास आवळणे नव्हे काय? अमरावती-अकोल्यात हा प्रश्न टाळणे पाप ठरेल. त्याचेही उत्तर मिताक्षरेत आहे: आपत्तीत, कुटुंबासाठी मिळकत विकायला तिथे मुभा आहे. कुटुंब जगवायला दोन एकर विकणारा धर्मभ्रष्ट होत नाही. जमीन माणसांसाठी राखायची असते. तिच्यासाठी माणूस देणे हा धर्माचा विपर्यास आहे.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे. या परंपरेने जन्मसिद्ध हक्क मुलाला दिला, मुलीला नाही; आणि ज्याच्या बापाला धुराही नव्हता, त्याला काहीच नाही. हा दोष मान्यच केला पाहिजे. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये मुलीला बरोबरीचा हक्क दिला, त्यामुळे मूळ तत्त्व मोडले नाही, पुरे झाले. 1951 मध्ये सुरू झालेल्या विनोबांच्या भूदानाने तेच तत्त्व घराच्या उंबरठ्याबाहेर नेले.

विश्वस्ताची खरी कसोटी मात्र विक्रीत नाही, वापरात आहे. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअर खोल खोल गेल्या आणि भूजल उपशामुळे ओसरत गेले. तिथे बाग न विकताही पुढच्या पिढीचा वाटा संपू शकतो. नातवाच्या नावाने फेरफार होईल, पण पाणी नसेल तर त्याला मिळेल तो कागदच. म्हणून वाटणी करताना भावांनी जशी धुऱ्यांची मोजणी करावी, तशी विहिरीच्या पाण्याची आणि मातीच्या कसाचीही करावी. हा हिशेब एकट्या शेतकऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. ज्या समाजाला त्याचे पीक स्वस्त हवे, त्यानेही त्यात आपला वाटा भरला पाहिजे.