टिंबाच्या डावीकडे

प्रोग्रामिंगमध्ये मेथड ही कोणाची तरी असते. खाते.जमा(५००) असे लिहिले की पाचशे रुपये कोणत्या खात्यात पडायचे, हे टिंबाच्या डावीकडे ठरलेले असते. जावास्क्रिप्टमध्ये तीच मेथड खात्यापासून सोडवून नुसती चालवली, तर मालक दाखवणारा ‘धिस’ हरवतो आणि रक्कम कुठे टाकायची हेच तिला कळत नाही. फंक्शन मूल्य म्हणून हाती आले की गोष्ट वेगळी. ते चलात ठेवता येते, दुसऱ्याच्या हवाली करता येते; त्याला लागेल ते कंसातून मिळते. वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांना असली सोय मान्य झाली नसती. त्यांच्या मते कर्म द्रव्यात समवायाने राहते, द्रव्यावाचून नाही.

धार्मिक विधी यांपैकी कशासारखा? बौद्ध विनयातली उपसंपदा, म्हणजे भिक्खू होण्याचा विधी, उघडच मेथडसारखी आहे. मध्यदेशात दहा भिक्खूंचा संघ लागतो, सीमाप्रदेशात पाचांचा. तो नसेल तर शब्द बिनचूक म्हणूनही कोणी भिक्खू होत नाही.

नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेची सुरुवात परंपरेला धरूनच झाली. कुशिनाराचे महास्थविर चंद्रमणी यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब यांना त्रिशरण-पंचशील दिले. नंतर मात्र चीवर न घेतलेल्या बाबासाहेबांनी समोरच्या लाखोंना स्वतः दीक्षा दिली, सोबत स्वतः तयार केलेल्या २२ प्रतिज्ञाही. संघात जाणाऱ्यासाठी दीक्षा आहे, पण उपासक म्हणून धम्मात येणाऱ्यासाठी वेगळा विधी नाही, ही उणीव त्यांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात दाखवली आहे. नागपूरचा विधी हे तिचे उत्तरच म्हणावे लागेल.

प्रतिज्ञांची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. बहुतेक वाक्ये ‘मी’ची आहेत आणि हा ‘मी’ म्हणजे बाबासाहेब नव्हेत. ती मोकळी ठेवलेली जागा आहे. जो म्हणेल तो तिथे बसतो. प्रोग्रामर त्याला पॅरामीटर म्हणेल. म्हणूनच देणारा बदलला तरी दीक्षा अडली नाही. १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात ती बाबासाहेबांनीच दिली. ७ डिसेंबरला मुंबईत त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी जमलेल्यांना भदन्त आनंद कौसल्यायन यांनी दिली.

देणाऱ्याशी नाते पुरते तुटले असे मात्र नाही. स्काला भाषेत मेथडचे मूल्य करताना मूळ ऑब्जेक्ट त्या मूल्यातच गुंडाळून येतो. प्रतिज्ञा आज कोणीही वदवून घेवो, लोक त्यांना ‘बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा’च म्हणतात.