गाळलेले नाव



प्रत्येक मिस्सा बलिदानात आपण पोप व बिशप यांचे नाव घेऊन प्रार्थना करतो. २१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, पोप फ्रान्सिस देवाघरी गेले. ८ मे रोजी लिओ चौदावे निवडले जाईपर्यंत ते नाव गाळावे लागले. मात्र ईस्टरच्या आदल्या रात्री पेटवलेली पास्काची मेणबत्ती त्या दिवसांतही वेदीजवळ तेवत होती.

आपल्या खानदेशाला हे नवे नाही. नाशिक धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस भालेराव २००७ साली निवृत्त झाले. २००८ साली आलेल्या बिशप माचाडो यांची २००९ मध्ये वसईला नेमणूक झाली. मिस्सा थांबली नाही.

सध्या फादरांच्या बदलीची चर्चा आहे (जरा जास्तच!). फादर कोणीही असोत, या प्रायश्चित्तकाळात शुक्रवारची क्रूसाची वाट कोणी चुकवू नये.