चोर कोण? (गीता, अध्याय 3, श्लोक 12)



देवांनी दिलेलं त्यांना काहीच परत न देता जो भोगतो, त्याला भगवंत आजच्या श्लोकात सरळ चोर म्हणतात. हा श्लोक कितीदा वाचलाय, पण चोर म्हणजे दुसराच कोणीतरी, असं वाटायचं.

फेब्रुवारीत आम्ही चार मित्र चंद्रपूरला गेलो. ताडोब्याची सफारी मिळाली नाही (उशिरा जागे होणारे आम्ही!), म्हणून मोहर्लीजवळ इरई धरणात बोटीने फिरायला गेलो. पाण्यातून वर आलेल्या मातीच्या उंचवट्यावर, बेटच म्हणा ना, चक्रवाकांचा थवा बसला होता. नारिंगी अंग, फिकट डोकं. संस्कृत काव्यात रात्री ज्यांची ताटातूट होते, तेच हे. उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडे असतात, हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात.

"दादा, अजून जवळ घ्या ना."

"नको भाऊ, एवढ्यातूनच पाहा. जवळ गेलो तं उडून जातात."

मी वर दोनशे रुपये देतो म्हणालो. दादा काहीच बोलले नाहीत. बोट वळवली. अख्खा थवा उडाला. फोटो मात्र झकास आला.

परतीच्या लांब प्रवासासाठी हे पक्षी अंगात चरबी साठवतात, आणि असं दचकून उडणं त्यातूनच वजा होतं. म्हणजे मी काहीतरी घेतलं, त्यांचंच. आणि दादांचा 'नको' दोनशे रुपयांत विकत घेतला, ते तर जास्तच टोचतं. पैसे दिले, म्हणजे चोरी नाही, असं म्हणता येईल का? मला नाही वाटत.

येताना दुर्गापूरजवळ वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या. 2920 मेगावॅटचं केंद्र, त्याला पाणी याच इरईचं. माझा लॅपटॉप कुठल्या पाण्यावर चालतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पण परत द्यायचं म्हणजे काय? आजी जेवणाआधी कावळ्याला घास ठेवायची. चक्रवाकाला माझा घास नको, फक्त अंतर हवंय. लांब राहणं हेही देणंच, असं म्हणावंसं वाटतं. पण फुकटात होणारं दान म्हणून मला त्याचा संशयही येतो.

तो फोटो अजून फोनमध्ये आहे. इन्स्टावर टाकलेला नाही. डिलीटही करवत नाही. तुम्ही काय केलं असतं, कमेंटमध्ये सांगा.