मोजण्यासाठी मारावे का?

पुनरुत्थानाच्या जागरणविधीत पास्काची मेणबत्ती पेटल्यावर जे स्तुतिगान गायले जाते, त्यात मधमाश्यांच्या श्रमाचा उल्लेख येतो. पण मेणही न देणाऱ्या आणि मधही न साठवणाऱ्या हजारो जातींच्या माश्या परमेश्वराने निर्माण केल्या आहेत. त्यांची आठवण आपल्याला सहसा होत नाही.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात सफरचंदाच्या मोठ्या बागा आहेत. ते झाड तेथे युरोपातून गेलेल्या लोकांनी नेले आणि पोळ्यातली मधमाशीही त्यांनीच नेली. तेथील मूळच्या माश्या वेगळ्या. बहुतेक एकांड्या, त्यांच्यात ना राणी, ना कामकरी. कित्येक जातींत मादी एकटीच जमिनीत बीळ खणते, परागाचा गोळा करून त्यावर अंडे घालते आणि बीळ बुजवून जाते. आपले पिल्लू ती कधी पाहत नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांना या बागांत अशा शंभराच्या आसपास जाती आढळल्या आहेत. आणि त्या सफरचंदाच्या फुलांवर मन लावून राबतात!

पण त्यांची मोजदाद होते कशी? मे महिन्यात बहर आला की फुलांवर जाळे फिरवतात. कित्येक ठिकाणी पिवळे, पांढरे, निळे वाडगे साबणाचे पाणी भरून ठेवतात. रंगाला फूल समजून माशी उतरते व बुडते. मग तिला टाचणीला टोचून, स्थळ व तारखेची चिठ्ठी लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पुष्कळ जाती इतक्या सारख्या दिसतात, की जिवंतपणी त्या ओळखताच येत नाहीत.

रक्षणासाठी मारणे, हे योग्य आहे का? रोज संध्याकाळी डास मारणाऱ्या आपल्याला या प्रश्नाचे हसू येईल. पण डास आपण रक्षणाच्या नावाने मारत नाही.

प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे कॅथॉलिक धर्मशिक्षण सांगते (परिच्छेद २४१८). म्हणजे सारा भार ‘विनाकारण’ या शब्दावर. येथे कारण आहे. बागेत फवारलेल्या औषधांनी, बुरशीनाशकांनीसुद्धा, या माश्या घटतात, आणि शेजारी रान राखलेले असेल तर हानी कमी होते, हे कॉर्नेलच्या मंडळींनी २०१५ साली दाखवून दिले. हे टाचणीवरच्या माश्यांमुळेच कळले. त्याच वर्षी आणखी एका अभ्यासात, दर पंधरवड्याने माश्या पकडूनही त्यांची संख्या घटल्याचे दिसले नाही. तेव्हा आम्हाला ही मोजदाद पाप वाटत नाही. मात्र पकडलेली माशी न तपासता डब्यात वाळत पडली, किंवा सारे कळूनही फवारणी जशीच्या तशी चालू राहिली, तर तिला विनाकारणच मारले म्हणावे लागेल.

एवढ्याने आमचे समाधान झाले असे मात्र नाही. दावीद राजाने इस्राएलची शिरगणती केली, ती तलवार धरणारे हात किती हे पाहण्यासाठी, आणि पुढे त्याचेच मन त्याला खाऊ लागले (२ शमुवेल २४). आपल्या उपयोगाचे किती, एवढेच पाहायला आपण मोजू लागलो की मोजणे बिघडते. वाडगा काही निवड करत नाही. सफरचंदाच्या फुलाकडे कधी न फिरकणारी माशीही त्यातच बुडते. तिची नोंद कोणत्या रकान्यात करायची?

प्रभू येशूने चिमण्यांचा भाव दोन ठिकाणी सांगितला आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन, लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. हिशेब केला तर पाचवी फुकट, वर टाकलेली. बाजारात तिची किंमत शून्य. देवाला विसर पडत नाही असे प्रभूने म्हटले, ते तिला धरून.