भिंतीवरचा क्रूस आणि युरोपचा अभ्यास

इटलीत १९२४ च्या राजाज्ञेने शाळेच्या प्रत्येक वर्गात क्रूस आणि राजाची तसबीर असावी असे ठरवले. १९४६ मध्ये राजेशाही गेली, तिच्याबरोबर तसबीरही गेली. १९८४ मध्ये व्हॅटिकनशी नवा करार झाला आणि कॅथलिक पंथ राजधर्म उरला नाही. क्रूस मात्र जागचा हलला नाही. पादुआजवळच्या आबानो तेर्मे गावातल्या एका आईने त्याला हरकत घेतली आणि प्रकरण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. २००९ मध्ये तिथल्या पीठाने एकमताने आईच्या बाजूने निकाल दिला; २०११ मध्ये मोठ्या पीठाने १५ विरुद्ध २ मतांनी तो फिरवला. आता हे प्रकरण कुणी शिकवायचे? कायद्याच्या प्राध्यापकाने, इतिहासाच्या की धर्मशास्त्राच्या? युरोपची संस्कृती, राजकारण आणि भाषा एकत्र शिकवणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांवर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' असा शेरा नेहमी मारला जातो. तो किती खरा, हे या एका भिंतीवर तपासून पाहता येते.

निकालाच्या कागदावर दिसतो तो कायदा: पालकांचा हक्क, राज्याची तटस्थता, देशोदेशींच्या सरकारांना दिलेली मोकळीक. पण इटलीचा बचाव कशावर उभा होता ते पाहावे. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने म्हटले होते की शाळेतला क्रूस सहिष्णुता, माणसाची प्रतिष्ठा, हक्कांचा आदर अशा नागरी मूल्यांची खूण आहे. स्ट्रासबर्गच्या मोठ्या पीठानेही तो मुळात धार्मिक असल्याचे मान्य केले, पण मुलांवर फारसा प्रभाव न टाकणारे निष्क्रिय प्रतीक म्हणून राहू दिला. म्हणजे क्रूस वाचला तो त्याच्यातला धर्म पातळ करून. वकिलाच्या लेखी हा विजय. श्रद्धावंताने काय म्हणावे? ज्याच्यावर देव मेला असे तो मानतो, त्या लाकडाची किंमत नागरिकशास्त्राच्या धड्याइतकी ठरली. (आपल्याकडे १९९५ मध्ये, विलेपार्ल्याच्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्यात हिंदुत्वाला जीवनपद्धती म्हटले गेले, तिथेही धर्म न्यायालयात शिरला तो संस्कृतीचा अंगरखा घालून.) हा तोटा कायद्याच्या पुस्तकात कुठेच नोंदला जात नाही, आणि धर्मशास्त्राचा विद्यार्थी निकालपत्र वाचत नाही.

याच खटल्यातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. इटलीच्या बाजूने दहा देश मध्यस्थ म्हणून उभे राहिले. त्यांत माल्टा, लिथुएनिया, सान मारिनो हे कॅथलिक परंपरेचे होते. पण रशिया, ग्रीस, बल्गेरिया, रुमानिया, सायप्रस हे ऑर्थोडॉक्स परंपरेचे. पूर्वेचे आणि पश्चिमेचे चर्च वेगळे झाले त्या १०५४ च्या फुटीपासून रोमशी ज्यांचे जमले नाही, ते रोमच्या क्रूसासाठी धावले. या मध्यस्थांपैकी बहुतेकांची बाजू मांडली जोसेफ वायलर या ज्यू कायदेपंडिताने, डोक्यावर किप्पा घालून. मोकळी भिंतही तटस्थ नसते, तीही एक बाजू घेते, असा त्यांचा मुद्दा होता. ऑर्थोडॉक्स देशांचे वागणे निव्वळ राजकारण म्हणून सोडून देता येत नाही. रशिया, बल्गेरिया, रुमानियात सक्तीच्या नास्तिकतेची कित्येक दशके गेल्यावर चर्च राष्ट्राच्या ओळखीला चिकटले, ते कसे हे तिथला विसाव्या शतकाचा इतिहास वाचल्याशिवाय उमगत नाही. फुटीचा इतिहास, साम्यवादोत्तर राजकारण आणि न्यायालयाची कार्यपद्धती या तिन्हींची इथे एकाच वेळी गरज पडते.

उथळपणाचा आक्षेप तरीही खोटा नाही. चार विभागांचे तास एका वेळापत्रकात कोंबून त्याला आंतरविद्याशाखीय म्हणणारे अभ्यासक्रम आहेत, आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्याला कशाचाच पुरावा नीट तोलता येत नाही. एक शाखा पक्की हवी, यात वाद नको. दुसरा आक्षेप असा की स्ट्रासबर्गचे निकाल इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये मिळतातच, मग बाकीच्या भाषा कशाला? कारण वाद तिथे सुरू होत नाही. तो इटालियन न्यायालयांत, वृत्तपत्रांत, बिशपांच्या पत्रकांत पिकतो. स्ट्रासबर्गला पोहोचेपर्यंत तो हक्कांच्या भाषेत चाळून निघालेला असतो. ग्योटिंगेन, ग्रोनिंगेन, क्राकूव्ह, उप्साला आदी विद्यापीठे मिळून चालवतात तो 'युरोकल्चर' अभ्यासक्रम विद्यार्थ्याला किमान दोन विद्यापीठांत पाठवतो, त्यामागचे शहाणपण हेच असावे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: युरोपनेच आखलेल्या चौकटीत युरोप शिकणे म्हणजे त्याचे स्वतःविषयीचे मत घोकणे. पण ते मत एक नाहीच. युरोपीय संघाच्या नियोजित संविधानाच्या प्रस्तावनेत ख्रिस्ती वारशाचा उल्लेख हवा असा आग्रह पोपने धरला, पोलंड आणि इटलीने उचलला. १९०५ पासून चर्च आणि शासन वेगळे ठेवणारा फ्रान्स अडून बसला. शेवटी 'सांस्कृतिक, धार्मिक आणि मानवतावादी' वारसा अशी मोघम शब्दरचना झाली. ते संविधान २००५ मध्ये फ्रेंच आणि डच मतदारांनी फेटाळले, तरी ती शब्दरचना त्याच्या जागी आलेल्या लिस्बन करारात जशीच्या तशी उतरली. कोणता धर्म, हे तिथेही लिहिलेले नाही.