जरा म्हणजे किती?

भोसरीच्या एमआयडीसीत पत्र्याची एक शेड होती. सात सीएनसी लेथ, पंधरा माणसं, दोन शिफ्ट. इथले स्टीलचे बुश चाकणला जायचे आणि तिथून कुणाच्या तरी गाडीत. मालकांना सगळे शेठ म्हणत, सुपरवायझरना अण्णा. अण्णा साताऱ्याकडचे, उभा जन्म लेथवर गेलेला. जॉब हातात घेतला की व्हर्नियर लावायच्या आधी माप सांगायचे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

आयटीआय झालेला एक मुलगा तिथं नवा लागला. आईनं बजावलं होतं, कामावर काही बोलू नकोस. पण गाव विचारल्यावर गाव सांगावं तसं त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "अण्णा, मी ऑटिस्टिक आहे. काम मोजून सांगितलंत तर चुकणार नाही."

"असू दे रे, होशील बरा."

"बरा नाही होणार. मी आजारी नाहीये."

अण्णांना ते उर्मट वाटलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 21 प्रकारांत ऑटिझम धरला. सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखल्या, त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार अशा सगळ्यांत मिळून. भोसरीतल्या शेडपर्यंत तो टक्का काही पोचत नाही. इथं अण्णा म्हणतील ते.

आणि अण्णा म्हणत, "कूलंट कमी झालंय, जरा ऑइल घाल."

"जरा म्हणजे किती?"

"अरे, अंदाजानं!"

मुलगा कॅन धरून तसाच उभा राहायचा. शेवटी दुसरा कुणीतरी वैतागून ओतायचा. आठवड्यात त्याचं नाव पडलं, कितीराव. हे नाव मला आवडत नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. लोक आणखी हसले. त्याच्या मशीनवरची ट्यूब लुकलुकायची, त्यानं डोकं दुखायचं, तेही सांगितलं. "बदलू लवकरच," अण्णा म्हणाले.

पावसाळ्यात चाकणहून अख्खा लॉट परत आला. बुशवर तांबूस गंज. शेठनी टेम्पोच्या ताडपत्रीला दोष दिला, अण्णांनी पॅकिंगला. मुलगा म्हणाला, "कूलंट पातळ आहे. ऑइल कमी पडलं की गंज धरतो." त्यानं खिशातून वही काढली. 'जरा' म्हणजे किती हे कुणी सांगेना, म्हणून कोण किती ओततं ते तो रोज लिहून ठेवत होता. दोन पानं सारखी नव्हती.

अण्णा भडकले. सगळ्यांना गोळा केलं, प्रत्येकापुढे वीस लिटर पाण्याची बादली ठेवली आणि म्हणाले, "घाला रे जरा ऑइल, दाखवा याला!" नांदेडच्या गड्यानं अर्धा मग ओतला. बिहारच्या पोरानं दोन मग. ओडिशाच्या पोराला 'जरा' नीटसं कळलंच नव्हतं कधी. त्यानं कॅनचं झाकण भरून ओतलं आणि सगळ्यांकडे बघितलं. मग अण्णांनी स्वतः ओतलं. "परत एकदा ओता," मुलगा म्हणाला. अण्णांनी दुसऱ्या बादलीत ओतलं. पाण्यात ऑइल किती ते मोजायला कूलंटवाल्यानं दिलेला रिफ्रॅक्टोमीटर ड्रॉवरमध्ये न उघडलेल्या डबीत पडून होता, तो निघाला. प्रत्येक बादलीचा आकडा वेगळा आला. अण्णांच्या दोन बादल्यांचासुद्धा.

ऑटिस्टिक आणि इतर माणसं यांच्यातली न समजण्याची दरी दोन्हीकडून असते, असं डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं 2012 मध्ये मांडलं. तो स्वतः ऑटिस्टिक. शेडमध्ये हे कुणी वाचलेलं नव्हतं. बादल्यांवर भागलं.

दुसऱ्या दिवशी फळा लागला : 20 लिटर पाणी, 1 लिटर ऑइल; ऑइल पाण्यात घालायचं, पाणी ऑइलमध्ये नाही. शेजारी मगाचं चित्र, त्यावर रेघ. ओडिशाचा पोरगा त्यानंतर कधी कुणाला विचारायला गेला नाही. गंजाची तक्रारही थांबली. अण्णांना मात्र आठवडाभर फळ्याकडे बघवत नव्हतं, आणि ते मला समजू शकतं. उभ्या जन्माचा अंदाज असा खडूनं कुणी खोडला तर कुणालाही लागेल.

खंडेनवमीला मशीनना झेंडूचे हार पडले. शेठनी शाल-नारळ आणला होता. "देवानं आपल्याकडे एक खास मुलगा पाठवलाय," त्यांनी सुरुवात केली.

"मी खास नाही, ऑपरेटर आहे," मुलगा म्हणाला. "शाल नको, ती टोचते. मला ट्यूब बदलून हवी आहे. आणि मला माझ्या नावानं हाक मारा."

शेठ ओशाळले. "हो हो, ट्यूबचं करू की लवकरच."

"लवकर म्हणजे कधी, शेठ?"

हे अण्णांनी विचारलं होतं. मागून कुणीतरी हळूच "कितीराव!" म्हणालं; या वेळी ते अण्णांना होतं.

शेठनी वायरमनला तिथूनच फोन लावला. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, तेव्हा तो येणार. शुक्रवारी सातच्या शिफ्टला नवी ट्यूब. अण्णांनी ते कूलंटच्या आकड्याखाली खडूनं लिहिलं आणि शेठना खाली सही करायला लावली.