कपाशीवरचे औषध आणि मेंदूतला ग्राही

परभणी जिल्ह्यात मृगाच्या पावसानंतर मानवत, सेलू, पाथरी या भागांतल्या काळ्या रानांत जी सरकी टोबली जाते, तिच्यापैकी बीटी वाणांचे बियाणे बहुधा रंगीत लेप घेऊनच पाकिटात आलेले असते आणि त्या लेपात अनेकदा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक असते. हा रेणू कीटकाच्या मज्जासंस्थेतल्या एका ठरावीक प्रथिनावर जाऊन बसतो. त्याच कुळातले प्रथिन माणसाच्या मेंदूतही असते. तंबाखूतले निकोटीन आपला अंमल तिथेच गाजवते आणि तंबाखूची सवय सोडवण्यासाठी दिली जाणारी व्हॅरेनिक्लिन ही गोळीही तिथेच काम करते. शेतीचे रसायनशास्त्र हे कृषी खात्याचे आणि औषधांचे रसायनशास्त्र हे दवाखान्याचे, अशी जी वाटणी सर्रास गृहीत धरली जाते, ती या एका प्रथिनापाशी टिकत नाही. औषध म्हणजे काय आणि विष म्हणजे काय, हे पदार्थावरून ठरत नसून तो शरीरात कोणत्या जागी आणि किती घट्ट बसतो यावरून ठरते, हा विचार रसायनशास्त्रात स्थिरावायला जवळपास पाऊण शतक लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत औषध सगळ्या अवयवावर किंवा सगळ्या मज्जातंतूवर सरसकट परिणाम करते, असेच मानले जाई. केंब्रिजच्या जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी १८७८ मध्ये मांजराच्या लाळग्रंथीवर प्रयोग करताना पाहिले, की पिलोकार्पिन दिल्यावर लाळ सुटते, अ‍ॅट्रोपिन दिल्यावर ती थांबते, आणि कोणाचा परिणाम वरचढ ठरेल हे दोघांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून राहते. याचा अर्थ दोन्ही पदार्थ एकाच कुठल्यातरी घटकाशी जोडले जाण्यासाठी चढाओढ करीत असले पाहिजेत. (अ‍ॅट्रोपिन ज्या अल्कलॉइडांच्या घराण्यातले आहे, ती मराठवाड्यातल्या बांधाबांधावर उगवणाऱ्या धोतऱ्यातही असतात.) पुढे १९०५ मध्ये त्यांनी कोंबडीच्या स्नायूवर निकोटीन घातले. स्नायूकडे येणारा मज्जातंतू आधीच कापून त्याची टोके पार नष्ट होऊ दिली, तरीही स्नायू आखडलाच, आणि क्युरारे नावाचे दक्षिण अमेरिकी बाणांचे विष घातल्यावर तो सैल पडला. मज्जातंतू नाही, म्हणजे औषध मज्जातंतूवर काम करीत नाही. ते स्नायूतच असलेल्या एका ‘ग्रहण करणाऱ्या द्रव्या’वर काम करते, असे अनुमान लँगलींनी काढले. आजच्या परिभाषेत या द्रव्याला रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात. एखादा रासायनिक संदेश नेमका ओळखून पेशीला कळवणारे प्रथिन, एवढी त्याची व्याख्या पुरेशी आहे.

अनुमान नेमके होते, पण त्या काळी ते कोणाला हातात धरून दाखवता येत नव्हते, आणि म्हणून पुढची कित्येक दशके ग्राही ही कल्पना सोयीची, परंतु संशयास्पद मानली गेली. हेन्री डेल यांनी १९१४ मध्ये अ‍ॅसिटिलकोलिन या पदार्थाचे परिणाम दोन गटांत विभागले, एक निकोटीनसारखा आणि दुसरा मस्करीन या अळिंबीतल्या विषासारखा. ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगातून मज्जातंतू रासायनिक पदार्थ सोडून संदेश पाठवतो हे सिद्ध केले. दोघांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही डेल स्वतः ‘ग्राही’ हा शब्द जपून वापरीत. डोळ्यांनी न दिसणाऱ्या वस्तूला नाव देऊन ती समजल्याचा भास होतो, ही त्यांची शंका शास्त्रज्ञाला शोभणारीच होती.

ती फिटली सापाच्या विषामुळे. मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या आधी जड होऊन मिटतात, मग बोलणे अडखळते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात, हे गोदाकाठच्या गावांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. याच मण्यारीच्या गोत्रातल्या, तैवानमध्ये सापडणाऱ्या पट्टेरी सापाच्या विषातून तिथल्या संशोधकांनी १९६० च्या दशकात अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळे केले, आणि ते निकोटीनच्या ग्राहीला इतके घट्ट चिकटते की सुटता सुटत नाही, असे आढळले. त्याचा आधार घेऊन १९७० मध्ये पॅरिसमध्ये झां-पिएर शांजो यांनी विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाच्या अवयवातून, जिथे हा ग्राही दाटीवाटीने भरलेला असतो, तो प्रत्यक्ष वेगळा केला. अनुमानाचे प्रथिन झाले. पुढच्या संशोधनाने दाखवले, की तो पाच उपघटकांचा, मध्ये पोकळी असलेला एक दरवाजा आहे. योग्य रेणू बसला की तो उघडतो, विद्युतभारित कण आत शिरतात आणि पेशी उत्तेजित होते. उपघटक निरनिराळ्या प्रकारचे असल्याने त्यांच्या जुळण्याही अनेक होतात: माणसाच्या स्नायूतली जुळणी वेगळी, मेंदूतली वेगळी आणि कीटकातली त्याहून वेगळी. औषध-रसायनज्ञाचे खरे काम इथून सुरू झाले, कारण सारखेपणातला फरक हेच त्याचे भांडवल असते.

या फरकाची किंमत कापूसपट्ट्याला आधीच्या पिढीतल्या कीटकनाशकांनी शिकवली होती. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे ग्राहीवर नव्हे, तर अ‍ॅसिटिलकोलिन या मज्जातंतूच्या संदेशवाहक पदार्थाचे काम झाल्यावर त्याचे विघटन करणाऱ्या विकरावर घाव घालतात, आणि ते विकर माव्यात व माणसात पुष्कळसे सारखेच आहे. पाठीवर पंप घेऊन वाऱ्याच्या उलट्या दिशेने चालणारा, नोझल तुंबला की तोंडाने फुंकून मोकळा करणारा मजूर आणि पानामागचा तुडतुडा या दोघांत ते रसायन फारसा भेद करीत नाही. विषबाधेच्या रुग्णाला अ‍ॅट्रोपिन दिले जाते, ते फक्त मस्करीन गटातल्या ग्राहींना झाकते. त्यामुळे लाळ, घाम आणि छातीतला स्राव आटोक्यात येतो, पण स्नायूंतले निकोटीन गटातले ग्राही तसेच मारा सोसत राहतात. म्हणूनच श्वासाच्या स्नायूंवर डॉक्टरांना वेगळे लक्ष ठेवावे लागते. लँगली-डेल यांची शतकापूर्वीची विभागणी आजही अशा रुग्णाच्या खाटेपाशी उपयोगी पडते, हे त्या विचाराच्या बळाचे चांगले प्रमाण आहे.

तंबाखूचा काढा फवारून मावा मारण्याची रीत जुनी आहे, पण निकोटीन कीटकनाशक म्हणून दोन्ही बाजूंनी उणे पडते: शरीरातल्या आम्लतेत त्याच्या नायट्रोजनवर धनभार येतो, त्यामुळे कीटकाच्या मज्जासंस्थेभोवतीचे आवरण ते सहज ओलांडत नाही, आणि तोच धनभार माणसाच्या ग्राहीला मात्र हवाहवासा असतो. शेल कंपनीच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात निथियाझिन हा रेणू शोधला होता. तो कीटकांवर चांगला चाले, पण उन्हात टिकत नसे. जपानमध्ये शिन्झो कागाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या सांगाड्याला क्लोरीनयुक्त पिरिडिन वलय जोडले, प्रभाव कितीतरी पटींनी वाढला, आणि त्याच मालिकेतून १९८५ मध्ये इमिडाक्लोप्रिड तयार झाले. ते १९९१ मध्ये बाजारात आले. त्याच्यावर धनभार नसतो. उलट एका टोकाला नायट्रो गट असतो, ज्याच्याकडे ऋणभार झुकलेला असतो. कीटकाच्या ग्राहीत नेमक्या त्या टोकासमोर धनभारित अमिनो आम्ल येते आणि माणसाच्या ग्राहीत ते नसते, असे बर्कलीच्या जॉन कसिडा आणि मोटोहिरो टोमिझावा यांनी उलगडून दाखवले. उंदराला तोंडावाटे मारक ठरणारी निकोटीनची मात्रा दर किलो वजनाला सुमारे ५० मिलिग्रॅम, तर इमिडाक्लोप्रिडची सुमारे ४५० मिलिग्रॅम आहे. कीटकांत हे ग्राही मुख्यतः मज्जासंस्थेतच असतात, स्नायूंचा कारभार ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहकाकडे असतो. त्यामुळे कपाशीचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यावर या रेणूचा घाला पडतो तो शब्दशः त्याच्या मेंदूवर.

या निवडकपणाचा पाया किती अरुंद आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. इमिडाक्लोप्रिडमधला तो नायट्रो गट गळून पडला, की उरलेला रेणू पुन्हा धनभार घेतो आणि सस्तन प्राण्यांच्या मेंदूतल्या ग्राहीला जोरात चिकटू लागतो. एका टोकावरचे तीन अणू, नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचे दोन, एवढ्यावर माव्याचे विष आणि माणसाचे विष यांतली सीमा उभी आहे. अशीच दुसरी नोंद बेडकाची आहे. अमेरिकेच्या जॉन डाली यांनी १९७४ मध्ये इक्वेडोरमधून आणलेल्या विषारी बेडकाच्या कातडीत वेदना शमवणारा एक पदार्थ सापडला, ज्याचा जोर मॉर्फिनच्या सुमारे दोनशे पट होता. पण मिळालेला नमुना इतका अल्प होता, की त्याची रचना १९९२ मध्येच ठरवता आली. एपिबॅटिडिन हे त्याचे नाव, निकोटीनचाच ग्राही हे त्याचे ठिकाण, आणि त्याच्या रचनेत तेच क्लोरीनयुक्त पिरिडिन वलय, जे काही वर्षे आधी जपानी रसायनज्ञांनी कीटकांसाठी बेतले होते. वेदनाशामक म्हणून त्याची सौम्य रूपे घडवण्याचे प्रयत्न झाले, पण उपयोगी मात्रा आणि बाधक मात्रा यांत अंतरच उरेना, म्हणून ते सोडून द्यावे लागले.

व्हॅरेनिक्लिनने मात्र विचारात खरी भर घातली. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकरांसाठी कुलूप-किल्लीची उपमा दिली आणि ती पुढे ग्राहींनाही चिकटली. पण कुलूप एक तर उघडते किंवा उघडत नाही, अर्धे उघडत नाही. पूर्व युरोपात धूम्रपान सोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सायटिसिन या वनस्पतिज पदार्थावरून प्रेरणा घेऊन बेतलेला हा रेणू मेंदूतल्या ग्राहीवर बसून त्याला अर्धवटच चेतवतो: तलफ भागते तेवढे, आणि जागा अडल्याने खऱ्या निकोटीनला वाव राहत नाही. अमेरिकेत त्याला २००६ मध्ये मान्यता मिळाली. बसणे आणि चेतवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा इमिडाक्लोप्रिडलाही लागू पडतो, कारण बऱ्याच कीटकांत तेही ग्राहीला पुरते चेतवीत नाही. पण अ‍ॅसिटिलकोलिनसारखे त्याचे विघटन होत नसल्याने ते ठाण मांडून बसते, आणि मरण त्यातून येते.

परभणीच्या रानात या सगळ्या विचाराची कसोटी लागते. रसायनज्ञाने रेघ ओढली ती कीटक आणि सस्तन प्राणी यांच्यामध्ये. शेतकऱ्याला रेघ हवी ती कीटक आणि कीटक यांच्यामध्ये. मावा मरावा, पण माव्यावर ताव मारणारा ढालकिडा जगावा. पांढरी माशी मरावी, पण करडईच्या फुलावर येणारी मधमाशी जगावी. या दोघांचे ग्राही रेणूला वेगळे ओळखता येत नाहीत, आणि मधमाशीला मारण्यासाठी तर नॅनोग्रॅममध्ये मोजावी एवढी मात्रा पुरते. फ्रान्सने १९९९ मध्ये सूर्यफुलाच्या बियाण्यावर इमिडाक्लोप्रिड लावणे स्थगित केले, युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह त्याच्या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. भारतात इमिडाक्लोप्रिड नोंदणीकृत आणि सर्वत्र उपलब्ध आहे. दुसरीकडे कीटकांनीही रेघ ओलांडायला सुरुवात केली आहे. कपाशीवरच्या माव्याच्या काही प्रतिकारक्षम वाणांत, ग्राहीच्या ज्या जागी ते धनभारित अमिनो आम्ल होते, तिथे दुसरेच आले असल्याचे परदेशात आढळले आहे आणि त्यामुळे त्यांचा ग्राही पृष्ठवंशी प्राण्यांच्या ग्राहीसारखा झाला आहे. ज्या फरकावर औषध उभे होते, तो फरकच किडीने पुसून टाकला.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने परभणीत विकसित केलेले परभणी तुराब (पीए २५५), विनायक (पीए ४०२) यांसारखे देशी कापसाचे वाण रसशोषक किडींना मुळातच बऱ्यापैकी दाद देत नाहीत, आणि निंबोळी अर्क, पिवळे चिकट सापळे, किडींची संख्या नुकसानीच्या पातळीवर गेल्याशिवाय न फवारणे, या शिफारशीही नव्या नाहीत. मावा आणि मधमाशी यांच्यात भेद करण्याचे काम यांतूनच होऊ शकते. ते प्रयोगशाळेतल्या रेणूकडून अपेक्षिणे चूक आहे. बियाण्यावर लेप असताना पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा त्याच गटातले औषध फवारल्याने पिकाला लाभ होत नाही, फक्त प्रतिकारक्षम माव्याची निवड होते.